मीटिंग कुठे भरते?

दारू सोडायचं मनावर घेतलेला माणूस अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगचा पत्ता विचारतो, तेव्हा त्याच्या पोटात आणखी एक प्रश्न असतो. तिथे आपल्याला ओळखणारं कोणी निघणार नाही ना? म्हणून डोंबिवलीचा माणूस ठाण्याची मीटिंग शोधतो, ठाण्याचा माणूस दादरची. साताऱ्याचा म्हणतो, पुण्याला जाऊन येईन. ज्याला पिताना सगळ्या आळीने पाहिलंय, शेजाऱ्यांनी दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवून घरी आणलंय, त्यालाही दारू सोडताना मात्र कोणी पाहायला नको असतं. मला आधी याचं नवल वाटायचं. आता वाटत नाही. पिणं जगजाहीर असतं, पण ‘हे मला आवरत नाही’ हे वाक्य त्याने अजून कोणासमोर उच्चारलेलं नसतं. मीटिंगच्या खोलीत शिरणं म्हणजे ते वाक्य उच्चारणंच.

माझा दादा डोंबिवलीत राहतो, मी कल्याणला. त्याच्याबद्दल लिहू का विचारलं तर लगेच हो म्हणाला. अट एकच घातली, गटातल्या दुसऱ्या कोणाबद्दल अवाक्षर नको. मीटिंगमध्ये जे ऐकलं ते तिथेच ठेवून यायचं असतं. मी बहीण म्हणून खुल्या मीटिंगला बसले, तरी हा नियम मलाही लागू आहे.

दादा अंबरनाथला एका कारखान्यात टर्नर आहे. हाताचं काम इतकं नेटकं की साहेब लोक अवघड जॉब त्यालाच द्यायचे. शनिवारच्या क्वार्टरने सुरुवात झाली, पुढे रोज संध्याकाळ, पुढे सकाळ. शेवटी शेवटी सकाळचे दोन घोट पोटात गेल्याशिवाय त्याला चहाचा कप उचलता येत नसे. वहिनी कप अर्धाच भरून द्यायची, म्हणजे थरथरत्या हाताने चहा शर्टावर सांडू नये. लेथवर ज्या हाताने तो केसाएवढा फरक काढायचा, त्याच हाताचं हे झालं होतं.

आमच्या डॉक्टरांनी लिव्हरचे रिपोर्ट पाहिले आणि म्हणाले, ‘एए’ला जा. एए म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. कुठे जायचं, हे मात्र त्यांना सांगता येईना. शहरात इतकी वर्षं दवाखाना चालवणाऱ्या, जिवाभावाने रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरांना त्यांच्या दवाखान्यापासून चालत जाता येईल अशा खोलीचा पत्ता ठाऊक नव्हता. हा एकट्या त्यांचा दोष नाही. अनामिकता हा या चळवळीचा पायाच आहे. सभासद आपलं आडनाव सांगत नाहीत, फोटो छापत नाहीत, फ्लेक्स लावत नाहीत. त्या अनामिकतेमुळेच घाबरलेला माणूस आत यायला धजावतो. पण तिच्यामुळेच बाहेरच्याला दार सापडत नाही.

मग वहिनी फोनवर शोधायला बसली. ‘व्यसनमुक्ती’ असं टाकलं की आधी जाहिराती येतात. त्यातल्या एका खाजगी केंद्राने तिला सांगितलं, ताई, काळजीच करू नका, आम्ही गाडी आणि चार माणसं पाठवतो, पेशंटला आधी सांगू नका, महिन्याचे पैसे तेवढे भरून ठेवा. तिने फोन ठेवला आणि रडायला लागली. हे इथे सविस्तर लिहिते आहे, कारण अनेक घरं याच टप्प्यावर फसतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात व्यसनाशी निगडित आजारही येतात, आणि माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायचं तर त्यात डॉक्टरांच्या तपासणीची रीतसर पद्धत घालून दिली आहे. चार माणसांनी उचलून गाडीत घालणं त्यात कुठेच बसत नाही.

लोकांच्या डोक्यात तीन गोष्टींचा काला झालेला असतो. पहिली, दवाखाना. रोज भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली तर फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत भ्रम होऊ शकतो, नसलेली माणसं दिसायला लागतात, प्रसंगी जीवही जातो. त्यामुळे सकाळी हात थरथरणाऱ्याने ‘आजपासून बंद’ असं मनानेच ठरवायचं नसतं. डॉक्टरांच्या देखरेखीखाली, औषधं आणि बी-वन व्हिटॅमिन घेत दारू उतरवायची असते. दुसरी गोष्ट, केंद्र, जिथे काही आठवडे राहायचं असतं. आपल्याकडे याचं मोठं उदाहरण पुण्याचं मुक्तांगण. लेखक अनिल अवचटांनी गर्दच्या, म्हणजे ब्राउन शुगरच्या, विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिलेलं वाचून पु. ल. आणि सुनीताबाई अस्वस्थ झाले, त्यांनी देणगी दिली आणि २९ ऑगस्ट १९८६ ला येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात डॉ. अनिता अवचटांनी काम सुरू केलं. वांद्र्याला फादर जो परेरांनी १९८१ मध्ये माउंट कार्मेल चर्चच्या आधाराने कृपा फाउंडेशन उभं केलं. ही दोन्ही कामं खरी आहेत, टिकलेली आहेत.

आणि तिसरी गोष्ट, मीटिंग. तिथे डॉक्टर नाही, औषध नाही, खाट नाही, फी नाही, फॉर्म नाही. दारू सोडण्याची इच्छा, एवढीच सभासदत्वाची अट. दवाखाना दारू शरीरातून काढतो, केंद्र काही आठवडे सांभाळतं. त्यानंतर माणूस घरी येतो, त्याच कोपऱ्यावर, त्याच वाइन शॉपसमोर. मीटिंग लागते ती तिथून पुढे, आणि जन्मभर.

वहिनीला एएचा फोन नंबर शेवटी मिळाला. पलीकडून बोलणारा गृहस्थ स्वतः एकेकाळचा पिणारा. बहुतेक ठिकाणी हे फोन सभासदच उचलतात. त्याने नाव-गाव विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, की आज घेतली आहे का, सकाळी हात थरथरतात का, पूर्वी कधी फिट आली होती का. हे सगळं ऐकून आधी दवाखान्यात न्या म्हणाला, त्यानंतर दादाला स्वतःला फोन करू दे म्हणाला. ‘तुम्ही आणून बसवलंत तर तो बसेल, पण ऐकणार नाही.’ वहिनीला ते जरा तुटक वाटलं होतं. दादाने दवाखान्यातून घरी आल्यावर, बऱ्याच दिवसांनी, गच्चीत जाऊन तो फोन केला.

फोनवरून माणूस शोधण्याची ही रीत एएइतकीच जुनी आहे. १९३५ च्या मे महिन्यात बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा एक शेअर दलाल ओहायो राज्यातल्या अ‍ॅक्रन गावात एका हॉटेलच्या लॉबीत उभा होता. ज्या व्यवहारासाठी आला होता तो फिसकटला होता, खिशात फारसे पैसे नव्हते, आणि दारू सोडून त्याला जेमतेम पाच महिने झाले होते. लॉबीच्या एका टोकाला बार होता, आतून माणसांचे आवाज येत होते. दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. तो यादीकडे वळला. एका पाद्र्याला फोन लावला आणि विचारलं, या गावात मला बोलायला एखादा दारुडा मिळेल का? पाद्र्याने काही नावं दिली. त्यांतून एकाकडून दुसरीकडे जात तो हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत पोचला. दुसऱ्या दिवशी, १२ मे ला, त्यांच्या घरी तो डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाला भेटला. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं बजावून आलेले डॉक्टर रात्री अकरा वाजून गेले तरी बोलत बसले होते. पुढे एकदा घसरून मग डॉक्टरांनी शेवटचा पेला घेतला तो १० जून १९३५ ला, आणि तोच दिवस एएचा वाढदिवस मानला जातो.

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की बिल त्या लॉबीत कोणाला सुधारायला निघाला नव्हता. त्याला स्वतःला प्यायची नव्हती, आणि त्यासाठी दुसरा पिणारा हवा होता. आजही मीटिंगमध्ये नवीन माणूस आला की जुन्यांचे चेहरे खुलतात ते याचमुळे. ते उपकार करत नसतात. त्यांना त्याची गरज असते.

दादानेही आधी लांबचीच मीटिंग धरली. डोंबिवलीहून गाडी पकडून दादर. तिथली मीटिंग चर्चच्या एका खोलीत भरायची, तर आईने विचारलं, ‘चर्चमध्ये कशाला? आपल्यात नाही का कुठे?’ मुंबईत आणि गोव्यात कितीतरी गट चर्चच्या खोल्यांत भरतात, कारण खोल्या तिथे मिळाल्या. मीटिंगचा धर्माशी संबंध नाही. देव म्हणजे ज्याला जसा समजला तसा, आणि ज्याला मानायचा नसेल त्यालाही कोणी उठवत नाही. आईला हे सांगून पटलं नाही. पण महिनाभर मुलगा शुद्धीत घरी येताना पाहिला आणि मग ती तो विषय काढेनाशी झाली.

दादरची मीटिंग चांगली होती, पण अडचण होती संध्याकाळची. पिणाऱ्याचा दिवसातला कठीण काळ साधारण सहा ते नऊ. कारखाना सुटतो, गाडीत मित्र भेटतात, स्टेशनबाहेर पडलं की ओळखीचा वेटर हात करतो. मीटिंगा बहुतेक याच वेळेला का ठेवतात ते तेव्हा कळतं. अंबरनाथहून दादर आणि दादरहून डोंबिवली हे करायला अंगात जोर असेल तर ठीक. पण ज्या दिवशी साहेब सगळ्यांसमोर बोलला, ज्या दिवशी मेगाब्लॉक आहे, पाऊस आहे, त्या दिवशी दादर राहून जातं. आणि ज्या दिवशी मीटिंग राहून जाते, तो नेमका तिची सर्वांत जास्त गरज असलेला दिवस असतो.

दादरच्या मंडळींनीच त्याला सांगितलं, इथे येत राहा, पण जवळची एक धर. तुझ्या स्टेशनवरचा एक तरी माणूस तुला ओळखीचा हवा. त्यांनीच डोंबिवलीतल्या गटातल्या एकाचा नंबर दिला.

त्या गटाची खुली मीटिंग मी पाहिली. खुल्या मीटिंगला घरचे, डॉक्टर, विद्यार्थी कोणीही येऊ शकतं. बंद मीटिंग फक्त पिण्याचा प्रश्न असलेल्यांसाठी असते. जागा म्हणजे एका शाळेचा पहिल्या मजल्यावरचा वर्ग, पाठीमागच्या फाटकातून वाट. फाटकापाशी काहीही लिहिलेलं नव्हतं. दादा सोबत नसता तर मी परत फिरले असते. वर्ग चौथीचा असावा. भिंतीवर पाढ्यांचा तक्ता, खिडकीत मुलांनी केलेले मातीचे बैल. बाकं इतकी बुटकी की मोठी माणसं आडवी वळून, पाय बाहेर काढून बसली होती. एकाने पिशवीतून दोरी लावलेल्या पाट्या काढून तक्त्याच्याच खिळ्याला अडकवल्या. एकीवर होतं, ‘फक्त आजचा दिवस’. फळ्यावर मुलांच्या गणिताशेजारी जागा होती, पण फळ्याला कोणी हात लावला नाही. सकाळी मुलं येतील तेव्हा वर्ग जसाच्या तसा हवा.

मग शांतीची प्रार्थना झाली. जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती दे, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य दे, आणि या दोहोंतला फरक ओळखण्याची अक्कल दे, या आशयाची. त्यानंतर एकेक जण उभा राहिला, नुसतं पहिलं नाव सांगितलं, ‘मी एक अल्कोहोलिक’ म्हणाला आणि बोलू लागला. सगळे एका सुरात ‘नमस्कार’ म्हणत. कोणी मध्ये बोलत नव्हतं, कोणी सल्ला देत नव्हतं, कोणी च्‌च्‌ करत नव्हतं. आमच्या घरात इतकी वर्षं दादाच्या दारूवर सगळे बोललो होतो, रडलो होतो, शपथा घातल्या होत्या. त्याला सलग दहा मिनिटं कोणी ऐकून घेतलं आहे, हे मी त्या वर्गात पहिल्यांदा पाहिलं.

शेवटी एक कापडी पिशवी फिरली. दहा, वीस, ज्याला जमेल ते. माझ्यासमोर आली तेव्हा मी पाकीट उघडलं, तर शेजारच्या काकांनी हलकेच मान हलवली. पाहुण्यांचे पैसे घेत नाहीत. गट आपला खर्च आपणच चालवतो, बाहेरची देणगी स्वीकारत नाही. चहा, पुस्तकं, खोलीचं भाडं सगळं त्या पिशवीतून.

तर ओळखीचं कोणी निघेल का, या प्रश्नाचं उत्तर असं की निघालं. दादाच्या जुन्या चाळीतला एक जण तिथे होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. त्या क्षणी दोघांनाही दुसऱ्याचं गुपित कळलं, आणि दोघांनाही ते सांभाळणं भाग होतं. त्या माणसाबद्दल याहून जास्त लिहायचं नाही. पण ज्या गोष्टीची दादाला सर्वांत भीती होती, तिचाच त्याला सर्वांत उपयोग झाला. आज रात्री अकराला जीव कासावीस झाला तर दादरच्या मित्राला फोन लागेल, पण हा माणूस चपला घालून खाली येईल. म्हणून मी आता कोणी विचारलं तर सांगते, लाज वाटत असेल तर पहिल्यांदा लांबच्या मीटिंगला जा, बिनदिक्कत जा. पण तिथेच थांबू नका. चालत जाता येईल अशी एक गाठा.

घरच्यांसाठीही अशी खोली असते, हे फार थोड्यांना माहीत आहे. बिलची बायको लोइस आणि तिच्यासारख्याच इतर बायकांनी मिळून १९५१ मध्ये अल-अनॉन सुरू केलं. मुक्तांगणने पत्नींसाठी सहचरी गट चालवला. वहिनी अल-अनॉनला जायला लागली तेव्हा दादा अजून पीत होता. नवऱ्याने सोडली तरच बायकोने सावरायचं, असं काही नसतं. बाटल्या शोधून मोरीत ओतणं तिने तिथे जायला लागल्यावर बंद केलं, रात्री जागत बसणं बंद केलं. तिचा चेहरा आधी बदलला, त्याचा नंतर.

पिणाऱ्या बायकांचं मात्र अजून कठीण आहे. संध्याकाळी सातला, चाळीस पुरुषांच्या खोलीत, आपल्या पोटातलं बोलायला एकटी बाई कशी जाणार? आणि घरी काय सांगून जाणार? काही शहरांत बायकांचे वेगळे गट आहेत, आणि २०२० च्या टाळेबंदीपासून ऑनलाइन मीटिंगा सर्रास झाल्या, त्याने दार थोडं किलकिलं झालं. पण शेजारच्या खोलीत सासू-सासरे बसलेले असताना कानात इयरफोन घालून काय बोलता येतं, याचा विचार केला की ते पुरेसं नाही हे कळतं.

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी ‘एम्स’ने केलेलं मोठं सर्वेक्षण २०१९ मध्ये आलं. दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळाल्याचं त्यात आढळलं. बाकीचे ३७ आपल्याच गल्लीत असतात. आणि मीटिंगचा उपयोग होतो का, यावरही आता नुसता विश्वास ठेवायची गरज उरलेली नाही. वैद्यकीय संशोधन तपासून पाहणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२० मध्ये २७ अभ्यासांचा आढावा घेतला, त्यात दहा हजारांहून जास्त माणसं होती. दारूपासून पूर्ण आणि सलग दूर राहण्याच्या बाबतीत, एएकडे शिस्तशीर वळवणारे उपचार इतर प्रचलित उपचारांपेक्षा सरस ठरले.

एएला फोन लागला नाही तर १४४४६ ही सरकारी व्यसनमुक्ती हेल्पलाइन आहे, आणि मनाच्या कुठल्याही त्रासासाठी १४४१६, टेली-मानस. मीटिंगचा पत्ता मिळाला की वार, वेळ, भाषा आणि खुली की बंद, हे विचारून घ्या. कोणत्या फाटकातून यायचं तेही विचारा, आणि कोणी स्टेशनवर घ्यायला येईल का हेसुद्धा. बहुतेक वेळा येतात.

आमच्या गावी, संगमेश्वर तालुक्यात, जवळपास गट नाही. शिमग्याला दादा गेला की फोनवर बोलून दिवस काढतो. खरं तर गट सुरू करायला फार काही लागत नाही. दारूपासून दूर राहण्यासाठी दोन-तीन पिणारे एकत्र आले तरी त्यांना स्वतःला एएचा गट म्हणवता येतं, असं त्यांच्या ‘परंपरा’ नावाच्या नियमांतच लिहिलेलं आहे. माणसं गावागावात आहेत. अडतं ते जागेवर. खोली देणारा पहिला प्रश्न विचारतो, ‘दारुडे जमणार? मग गोंधळ झाला तर?’

तर ज्यांच्या हातात किल्ली आहे त्यांच्यासाठी हे लिहिलं. शाळेचे मुख्याध्यापक, वाचनालयाचे कार्यवाह, मंडळाचे अध्यक्ष, देवळाचे विश्वस्त. आठवड्यातली एक संध्याकाळ, दीड तास, एक खोली आणि चालू पंखा. गोंधळ होत नाही, मी पाहून आले आहे. जाताना बाकं पुन्हा रांगेत लावून, केर काढून जातात. भाडं मात्र आधीच ठरवून घ्या, थोडकं का होईना. फुकट दिलीत तर ते घेणार नाहीत.